आधी काय आणि नंतर काय : धनकवडीतील एका गॅरेजचा अनुभव

गाडीच्या दुरुस्तीसाठी कोणते गॅरेज चांगले, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण कामाच्या दर्जावरून देतात आणि ते बरोबरही आहे. मात्र महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची असते. खर्च किती येणार, त्यातला आजच करावा लागणारा किती आणि थांबू शकणारा किती, हे गॅरेज आपल्याला कामाला हात घालण्यापूर्वी सांगते की नाही? धनकवडीच्या आतल्या गल्लीतील ज्या छोट्या गॅरेजविषयी मी लिहीत आहे, त्याने हे नीट सांगितले, कागदावर लिहून दिले आणि बिल त्याच आकड्याला धरून आले. आमच्यासारख्या घरांना याचा उपयोग व्हावा म्हणून पूर्ण हिशेबासह हा अनुभव मांडते.

आमची गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी आम्ही पुण्याहून साताऱ्याला एका लग्नासाठी निघालो होतो. गाडीत सासूबाई आणि नववीतली मुलगी होती. खंबाटकीचा चढ अर्धा झाला असताना तापमानाचा काटा तांबड्या रेषेला टेकला. पुढे अवजड गाड्यांची रांग होती आणि थांबायला जागा दिसेना, म्हणून यजमानांनी गाडी तशीच आणखी अर्धा-पाऊण किलोमीटर चढवली. नंतर बॉनेटच्या कडेने वाफ येऊ लागली आणि इंजिन बंद पडले. तेवढ्या अंतरानेच आमचा खर्च काही शेकड्यांवरून काही हजारांवर नेला, हे पुढे गॅरेजमध्ये कळले. काटा वर चढू लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण वेगाने सुरू करावा म्हणजे इंजिनातली थोडी उष्णता बाहेर पडते, आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नये. यातली एकही गोष्ट त्या वेळी आम्हाला ठाऊक नव्हती.

क्रेनने गाडी पुण्यात आणायला 4,500 रुपये लागले. आमच्या विमा पॉलिसीत रस्त्यावरील मदतीची पुरवणी घेतलेली नव्हती, ती घेतली असती तर हे पैसे वाचले असते. विमा कंपनीला फोन केला तेव्हा त्यांनी सांगितले की अपघात, आग, चोरी, पूर यांसारख्या कारणांनी झालेले नुकसान पॉलिसीत येते. यांत्रिक बिघाड आणि वापरामुळे होणारी झीज येत नाही. त्यांचे म्हणणे पॉलिसीच्या कागदावरही छापलेले आहे. सर्वसमावेशक विमा आहे म्हणजे इंजिनाचा खर्चही निघेल, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो, आणि असा समज असलेली अनेक घरे आमच्या ओळखीत आहेत.

गाडी प्रथम आम्ही नेहमीच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये सोडली. सोमवारी दुपारी तिथून फोन आला की हेड (इंजिनाचा वरचा धातूचा भाग) गेले आहे, 52,400 रुपयांचे एस्टिमेट आहे आणि इंजिन उघडल्यावर ते वाढू शकेल. तपशील मागितल्यावर संध्याकाळी यादी आली. तिच्यात नवीन सिलिंडर हेड, नवा रेडिएटर, वॉटर पंप, दोन्ही होज पाइप (कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, वाहून नेणारे रबरी पाइप) आणि मजुरी यांच्याबरोबर इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंगही होते. इंजिन उघडण्यापूर्वीच हेड बदलावे लागेल हे कसे ठरले, असे मी विचारले. त्यावर, आमच्याकडे हीच पद्धत आहे, एवढेच उत्तर मिळाले. मला सगळ्यात जास्त वाईट वाटले ते जुनी बिले काढून पाहिल्यावर. सहा महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये याच ठिकाणी आम्ही टेफ्लॉन कोटिंग, एसी निर्जंतुकीकरण आणि इंजिन ड्रेसिंग या नावांखाली 4,800 रुपये भरले होते. गाडी ज्या होज पाइपमुळे बंद पडली, तो तेव्हाच कडक होऊन चिरला असणार, आणि त्याकडे कोणी पाहिलेले नव्हते.

माझ्या घराचा जमाखर्च मी वहीत लिहिते, म्हणून आकडे सांगू शकते. आम्हा दोघांचे मिळून महिन्याला 74,000 रुपये हातात येतात. घराचा हप्ता 23,500 रुपये आहे. किराणा, दूध, वीज, सोसायटी, सासूबाईंची औषधे, मुलीची शिकवणी आणि पेट्रोल हे सगळे भागून साधारण सहा हजार उरतात. दिवाळी नुकतीच झाली होती, बोनस संपला होता आणि डिसेंबरात शाळेच्या दुसऱ्या सत्राचे 14,500 रुपये भरायचे होते. अडीअडचणीसाठी म्हणून वेगळे ठेवलेले नऊ हजार तेवढे खात्यात होते. अशा घरात बावन्न हजारांचा आकडा येतो आणि वर तो वाढू शकेल असे सांगितले जाते, तेव्हा काय ठरवावे हेच कळेनासे होते. आकडा मोठा असणे एक वेळ परवडते, कारण त्याची तजवीज करता येते; तो अनिश्चित असला की नेमकी तजवीज कितीची करायची हेच ठरवता येत नाही.

यजमानांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने धनकवडीतील या गॅरेजचे नाव सुचवले. मोठ्या सेंटरला तपासणीचे 1,500 रुपये देऊन आम्ही गाडी सोडवली आणि 900 रुपये टोइंगला देऊन इथे आणली. ही दोन्ही खर्चाचीच कलमे आहेत आणि ती मी पुढच्या बेरजेत धरली आहेत, कारण स्वस्तात काम झाले असे सांगताना ती विसरली जातात.

गॅरेज पाहिल्यावर पहिल्यांदा भरवसा वाटेल असे काही नाही. पत्र्याची शेड, तीन गाड्या मावतील एवढी जागा, एक लिफ्ट, बाहेर रस्त्यावर उभ्या केलेल्या चार गाड्या आणि बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, इतकेच. मालकांना सगळे दादा म्हणतात. ते स्वतः पाना हातात घेऊन काम करतात आणि त्यांच्या हाताखाली दोन मिस्त्री आहेत. त्यांनी ऑइलचे झाकण उघडून मला आत बघायला सांगितले. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, पिवळसर थर जमला होता. ‘वहिनी, हे ऑइलमध्ये पाणी गेल्याचं लक्षण आहे, म्हणजे हेड गॅस्केट, हेडच्या खालचं पॅकिंग, गेलंय हे नक्की. पण हेड गेलंय का ते हेड खाली उतरवल्याशिवाय मी सांगणार नाही. उतरवायची मजुरी अडीच हजार. काम इथेच केलंत तर ती पुढच्या मजुरीत धरू,’ असे ते म्हणाले. ‘मी सांगणार नाही’ हे शब्द मला फार मोलाचे वाटले, कारण त्याआधीच्या तीन दिवसांत न उघडता सगळे सांगणारेच भेटले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून अर्धी रजा घेऊन मी मुद्दाम गेले. उतरवलेले हेड लाकडी फळीवर स्वच्छ पुसून ठेवले होते. दादांनी त्यावर पोलादी सरळपट्टी उभी धरली आणि मागून मोबाइलचा उजेड पाडला. पट्टी आणि हेडचा पृष्ठभाग यांच्यामध्ये मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसत होती, दोन्ही कडांना मात्र ती नव्हती. त्या फटीत त्यांनी फीलर गेजची पातळ पत्ती सरकवून दाखवली. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते, ते असे; पण वाक थोडा असेल तर लेथवाल्याकडे पृष्ठभाग घासून ते पुन्हा सपाट करता येते आणि पाण्याच्या दाबाखाली तपासून कुठे तडा गेला आहे का हेही कळते. तडा निघाला तर नवे किंवा चांगल्या स्थितीतले जुने हेड बघावे लागेल आणि खर्च पंधरा हजारांनी वाढेल, तडा नसेल तर एवढ्यात भागेल, असे दोन आकडे त्यांनी मला आधीच दिले. खर्च कशामुळे वाढेल आणि किती वाढेल हे ठाऊक असले की घरी बसून निर्णय घेता येतो. आमच्या नशिबाने तडा नव्हता.

अंतिम बिल असे झाले : गॅस्केटचा संच 1,850, हेड घासणे, तपासणे आणि वॉल्व्ह बसवणे 2,200, दोन होज पाइप आणि क्लिपा 620, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) 780, वॉटर पंप 1,650, कूलंट 900, इंजिन ऑइल आणि फिल्टर 1,700, मजुरी 6,000 आणि तिच्यावरील अठरा टक्के जीएसटीचे 1,080, असे एकूण 16,780 रुपये. क्रेन, तपासणी आणि दुसरे टोइंग धरून आमच्या घरातून या प्रकरणात 23,680 रुपये गेले. रेडिएटर बदलावा लागला नाही. तो फक्त आतून साफ केला आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. आमच्या गाडीत कूलंटऐवजी वेळोवेळी साधे पाणी टाकले गेल्याने आत गंज धरला होता आणि थर्मोस्टॅट अर्धवट उघडत होता, हे त्यांनी जुना थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून दाखवले.

सुट्या भागांविषयी त्यांची वागणूक मला विशेष सांगाविशी वाटते. बाजारात एकाच भागाचे साधारण तीन प्रकार मिळतात : गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, त्याच कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला, आणि ज्याला सरसकट लोकल म्हणतात तो. इंजिनाच्या आतले गॅस्केट आणि वॉटर पंप पहिल्याच प्रकारातले घ्यावेत, कारण ते पुन्हा बदलायचे झाले तर भागाच्या किमतीपेक्षा मजुरीच जास्त जाते; बाहेरून सहज बदलता येणाऱ्या भागांना दुसरा प्रकार पुरतो, असा त्यांचा सल्ला होता आणि तो मला पटला. माल ते नाना पेठेतून आणतात. तिथल्या दुकानाचे बिल त्यांनी आमच्या बिलाला टाचून दिले आणि दुकानदाराने दिलेली सवलत आमच्याच खात्यात धरली. रिकामे खोके आणि काढलेले जुने भाग एका गोणीत भरून डिकीत ठेवले होते. सुट्या भागांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून सरसकट अठरा टक्के झाला आहे. पूर्वी त्यातल्या पुष्कळ भागांवर तो अठ्ठावीस टक्के होता. त्यामुळे खोक्यावर जुनी किंमत छापलेली असेल तर सुधारित किंमत कोणती, हे ग्राहकाने अवश्य विचारावे. इथे मी विचारले तेव्हा त्यांनी कुरकुर न करता दुकानाला फोन लावला.

पैसे कसे उभे केले हेही लिहिते, कारण दुरुस्तीइतकाच तो प्रश्न मोठा होता. क्रेडिट कार्डावर रक्कम टाकून द्यावी असा पहिला विचार आला. परंतु पूर्ण रक्कम वेळेत न भरल्यास थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते. सोनेतारण कर्ज स्वस्त पडले असते, पण सासूबाईंच्या बांगड्या यासाठी बँकेत ठेवणे मनाला पटेना. अखेर यजमानांच्या कार्यालयातील पगारदार पतसंस्थेतून दहा टक्के व्याजाने पंधरा हजारांचे तातडीचे कर्ज घेतले; त्याचा दहा महिन्यांचा हप्ता सोळाशेच्या आत बसतो आणि तो पगारातूनच कापला जातो. नऊ हजार आमचे होतेच. ज्यांच्या कार्यालयात अशी पतसंस्था आहे, त्यांनी सभासदत्व गरज पडण्यापूर्वीच घेऊन ठेवावे, कारण नव्या सभासदाला लगेच कर्ज मिळत नाही. गॅरेजने सामानासाठी आठ हजार आगाऊ घेतले आणि उरलेले गाडी देताना घेतले. पतसंस्थेचा धनादेश दोन दिवस उशिरा येणार होता, तेव्हा दादांनी गाडी आधी नेऊ दिली.

गाडी ताब्यात देताना त्यांनी वहीचे एक पान फाडून मला दिले. या भेटीतली सगळ्यांत उपयोगी वस्तू तीच आहे. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिले आहे : मागचे ब्रेक शू, मार्चपर्यंत, 1,600, पुढच्या लोअर आर्मचे बुश, पावसाळ्यापूर्वी, 2,900, बॅटरी, दिवाळीपर्यंत चालेल, 4,300, पुढचे दोन टायर, ऑक्टोबर, 7,600. शेजारी ‘आज गरज नाही’ असे लिहून खाली रेघ मारली आहे. लिफ्टवर गाडी असताना ही सगळी कामे काढून बिल तीस हजारांवर नेणे त्यांना सहज शक्य होते आणि घाबरलेल्या मनःस्थितीत आम्ही होकारही दिला असता. त्याऐवजी त्यांनी आम्हाला वर्षभराचा खर्चच आखून दिला. या चार कामांचे 16,400, नेहमीच्या सर्व्हिसिंगचे 4,500 आणि विम्याचे 8,200 मिळून 29,100 रुपये होतात, म्हणजे महिन्याला सव्वाचोवीसशे. त्यासाठी मी बँकेत अडीच हजारांची एक वर्षाची आवर्त ठेव सुरू केली. पोस्टाच्या आवर्त ठेवीचाही विचार केला होता. तिची मुदत पाच वर्षांची असते, ती तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही आणि बारा हप्ते भरल्यावर शिलकीच्या निम्म्यापर्यंतच कर्ज मिळते. मुलीच्या शिक्षणासाठी ती उत्तम आहे, गाडीच्या खर्चासाठी सोयीची नाही. पतसंस्थेचा हप्ता आणि ही ठेव जाऊन आमच्याकडे आता महिन्याला दोन हजारही उरत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत हात आखडूनच चालावे लागणार आहे.

गॅरेजच्या उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. गुरुवारी मिळणारी गाडी शनिवारी संध्याकाळी मिळाली. लेथवाल्याकडे गर्दी होती हे कारण खरे असले तरी तसे त्यांनी आपणहून कळवले नाही, मलाच तीनदा फोन करावा लागला आणि त्यातले दोन उचलले गेले नाहीत. पर्यायी गाडी किंवा घरून गाडी नेण्या-आणण्याची सोय नाही. पहिले बिल साध्या चिठ्ठीवर होते. जीएसटीसह पक्के बिल मागितल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाले. एअरबॅग, एबीएस किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे बिघाड ते घेत नाहीत आणि तसे तोंडावर सांगतात. गाडी वॉरंटीत असेल तर अर्थातच कंपनीच्या सेंटरलाच न्यावी, तिथल्या नोंदींवर वॉरंटीचे दावे अवलंबून असतात. मोठ्या सेंटरमध्ये भाग दुरुस्त करण्याऐवजी संपूर्ण जोडणी बदलण्याकडे कल असतो, त्यामागे हमी देण्याची त्यांची अडचण असेल हेही मी समजू शकते. परंतु वॉरंटी संपून सहा-सात वर्षे झालेल्या गाडीच्या बाबतीत दुरुस्तीचा पर्याय आहे एवढे तरी ग्राहकाला सांगितले जावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

इंजिनाच्या कामावर त्यांनी सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून दिली आहे. हजार किलोमीटर झाल्यावर दाखवायला या, असे सांगितले होते, त्याप्रमाणे जानेवारीत गाडी नेली. कूलंटची पातळी, ऑइलचा रंग आणि पाइपांचे जोड बघून त्यांनी काहीही पैसे घेतले नाहीत. नंतर आम्ही एकदा साताऱ्याला जाऊन आलो. खंबाटकीच्या चढावर सासूबाई पूर्ण वेळ काट्याकडे बघत होत्या आणि काटा मध्याच्या खालीच राहिला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ब्रेक शू बदलले, बिल 1,640 रुपये आले. वाढलेले चाळीस रुपये कशाचे, असे मी विचारले, तेव्हा ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्याचे, असे सांगून दादांनी गाडीच्या कप्प्यातले ते पान मागून घेतले आणि पहिल्या ओळीवर बरोबरची खूण केली.